गणपतीपुळ्याचें ‘प्राचीन कोंकण’ : एक परीक्षण

रत्नागिरी तालुक्यांत गणपतीपुळें येथें ‘प्राचीन कोंकण’ या नांवाचें उघड्या आवारांतील संग्रहालय आहे. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं कोंकणांतील गांव कसा असेल, तेथील लोक काय नेसत, कसल्या घरांत राहत व कोणते धंदे करीत, हें मनुष्याकृति पुतळ्यांच्या द्वारें दाखवावें असा त्याच्या चालकांचा उद्देश आहे. संग्रहालय म्हटलें म्हणजे कांचेचीं कपाटें, त्यांत मांडलेलीं नाणीं व ताम्रपट, आणि दारावर पेंगणारा शिपाई, असें जें चित्र आमच्या पिढीच्या मनांत आहे त्याहून हा प्रकार अगदींच निराळा. येथें झाडांखालून वाट जाते, वाटेच्या कडेला घर लागतें, घरांत माणसें कामांत गुंतलेलीं दिसतात, आणि सोबतचा माहितगार ठिकठिकाणीं थांबून मराठींत समजावून सांगतो. देवदर्शनास आलेली मंडळी मुलांबाळांसह तेथें जातात व संतुष्ट होऊन परततात. आमच्या त्रैमासिकांत आजवर ग्रंथांचीं, बखरींचीं व शिलालेखांच्या वाचनांचीं परीक्षणें येत आलीं. एखाद्या प्रदर्शनाचें परीक्षण कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, आज जितके लोक ग्रंथ वाचून इतिहास शिकतात त्यांहून पुष्कळ अधिक लोक तो अशा आवारांत हिंडून शिकतात. जें ग्रंथाचें काम करूं लागलें तें ग्रंथासारखेंच तपासलें पाहिजे.

या जातीच्या संग्रहालयांचा मूळपुरुष म्हणजे स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें आर्टुर हाझेलियुस यानें १८९१ सालीं उघडलेलें ‘स्कानसेन’. त्यानें देशाच्या निरनिराळ्या भागांतून जुनीं घरें व कोठारें उकलून आणिलीं आणि एका टेकडीवर जशींच्या तशीं पुन्हां उभारिलीं. कारखान्यांच्या युगांत जुनें खेडें नाहींसें होत आहे, तें समूळ जाण्यापूर्वीं त्याचा नमुना राखावा, हा त्याचा विचार. पुढें ही कल्पना पुष्कळ देशांत रुजली. आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां कॅनडांत असतो. त्यानें तेथील मॅनिटोबा प्रांतांतील स्टाइनबाख या गांवच्या मेनोनाइट लोकांच्या ग्रामसंग्रहालयाचीं छायाचित्रें व वर्णन आम्हांस पाठविलें. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मांतील एक पंथ. शस्त्र धरावयाचें नाहीं हा त्यांचा जुना व कडक नियम. रशियाच्या राज्यांत सक्तीची लष्करी चाकरी येऊं लागली, तेव्हां १८७४ पासून त्यांपैकीं हजारों माणसें मुलुख सोडून मॅनिटोबाच्या उघड्या माळावर येऊन राहिलीं. आरंभीं त्यांनीं गवताळ मातीच्या ढेकळांचीं खोपटीं केलीं, त्यांस ते ‘सेमलिन’ म्हणत. मागाहून लांकडी घरें झालीं, व घरास जोडून एकाच आढ्याखालीं गोठा आला. माणसांचें व गुरांचें छप्पर एक, हें वाचून आम्हांस कोंकणांतील पडवी आठवली. तेथें थंडीनें जें करविलें तें येथें पावसानें करविलें. या संग्रहालयांत वसाहतकारांचीं जुनीं घरें मूळ जागेवरून हलवून आणिलेलीं आहेत. पवनचक्की मात्र नवी आहे. १९७२ सालीं बांधिलेली प्रतिकृति २००० सालीं जळाली व लागलीच दुसरी उभी राहिली.

म्हणजे अशा आवारांच्या दोन जाती झाल्या. एकींत वस्तु आणितात, दुसरींत वस्तूची प्रतिमा करितात. आमच्याकडे दुसरी जात विशेष वाढली. कोल्हापुराजवळ कणेरीच्या मठांत ‘सिद्धगिरि ग्रामजीवन’ नांवाचें प्रसिद्ध संग्रहालय आहे, तेथील सारा गांव सिमेंटच्या पुतळ्यांचा आहे. ‘प्राचीन कोंकण’ही त्याच वर्गांत बसतें. उलट, गोव्यांत बाणावलीस व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनीं उभारलेल्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयांत खरीं शेतीचीं अवजारें, खरीं भांडीं, खरे घाणे आहेत. मोडकळीस आलेल्या घरांतून व अडगळींतून तीं एकेक करून गोळा केलेलीं आहेत. प्रतिमा करणें हें हलकें काम, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु तिच्यापासून होणाऱ्या ज्ञानाची जात कोणती, हें पाहणाऱ्यानें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. उपमानाचें त्यांचें ठरलेलें उदाहरण गव्याचें. ज्यानें गवा पाहिलेला नाहीं अशा नगरवासी मनुष्यास कोणी रानांतला सांगतो कीं गवा गाईसारखा असतो. पुढें तो मनुष्य रानांत जातो, गाईसारखें जनावर पाहतो, व हाच गवा असें ओळखितो. (हल्लीं आमच्या बाजूस गवा पाहण्यास रानांत जावें लागत नाहीं, तो आपण होऊन शेतांत येतो.) या उदाहरणांतील मर्म असें कीं, सादृश्य कळल्यावर शेवटीं रानांत जाऊन खरें जनावर पाहावें लागतें, तोंवर उपमान पुरें होत नाहीं. पुतळ्यांच्या गांवांत मुलास ‘कोंकणांतला कुंभार असा असे’ हें सादृश्य मिळतें. पण तेथून निघाल्यावर त्यानें कोणत्या रानांत जावें ? ज्या घरांत खरें घिरट व खरी कणगी आहे तें घर बंद, आणि किल्ली मुंबईस. म्हणून प्रतिमा करणाऱ्यावर वस्तु आणणाऱ्यापेक्षां अधिक जबाबदारी येते : त्याचें चुकलें तर तें दुरुस्त करण्यास पाहणाऱ्यापाशीं दुसरें साधन नसतें.

आतां या संग्रहालयाचे गुण प्रथम सांगतों. येथें राजेरजवाड्यांची गर्दी नाहीं. आपल्याकडे इतिहास म्हटला कीं तरवार व सिंहासन. येथें मात्र खोताचें घर व ओटी आहे, आणि गांवचे कारूनारू आपआपल्या कामांत आहेत. धंद्याधंद्यांतील हातांच्या हालचाली, बसण्याच्या ठेवणी, नेसण्याच्या रीती हें पाठ्यपुस्तकांत कधीं येत नाहीं, तें येथें दहा वर्षांच्या मुलास पाहतां क्षणींच कळतें. माहितगाराची भाषा सोपी असते. आणि झाडी ! पुतळे कितीही चांगले झाले तरी ते पुतळे. पण माथ्यावरची सावली व पायाखालची तांबडी माती हीं खरोखरचीं आहेत. साऱ्या आवारांत निखळ प्रत्यक्ष तेवढेंच, आणि तें कांहीं थोडें नाहीं.

पहिली शंका ‘पांचशें वर्षें’ या शब्दांविषयीं. आजपासून पांचशें वर्षें मागें गेलें म्हणजे आपण १५२५ च्या सुमारास येतों. त्या वेळीं हा प्रांत विजापूरच्या आदिलशाहींत होता, गोवें १५१० पासून पोर्तुगीजांच्या हातीं गेलेलें होतें, आणि दाभोळ बंदर त्यांनीं १५०८ च्या अखेरीस जाळून लुटलें होतें. हा काळ एकदां मान्य केला म्हणजे कुंपणाच्या आंत काय येऊं द्यावयाचें व काय नाहीं याची कसोटी आपोआप ठरते. तांबडी मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू, बटाटा हीं सर्व अमेरिकेंतून आलेलीं. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तीं या किनाऱ्यास लागलीं व पुढें हळूहळू पसरलीं. मिरचीला नांवसुद्धां आपलें मिळालें नाहीं; संस्कृत मरीच, त्याची मिरीं, आणि मिरींवरून मिरची. विजापुराहून परतलेल्या असद बेगानें अकबरास तंबाखू दाखविली ती १६०४-०५ च्या सुमारास, व तेव्हां ती दरबारांत नवलाची वस्तु होती. उलट नारळाचें कुळ फार जुनें. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत नारळाच्या झाडांचें दान आहे. म्हणजे १५२५ च्या गांवांत पोफळी, माड व मिरवेल शोभतील. काजू, तंबाखू व वाळत घातलेल्या तांबड्या मिरच्या यांनीं बाहेर थांबावें.

घराचें तर याहून नाजूक आहे. ‘जुनें कोंकणी घर’ म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें चिऱ्याच्या भिंती व तांबड्या कौलांचा उतार उभा राहतो. पण तीं चपटीं यंत्राचीं कौलें मंगळुरास बाझेल मिशन या युरोपीय ख्रिस्ती संस्थेनें कारखाना काढला तेव्हांपासूनचीं, आणि तो कारखाना १८६५ चा. त्यापूर्वीं कुंभारानें चाकावर वळलेलीं नळीचीं कौलें, आणि तींही ज्यास परवडतील त्यास. इतरांस गवताचें वा झापांचें छप्पर, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती. ज्याची आपण हळहळ करितों तें घर आमच्या आजोबांचें आहे. त्यास पांचशें वर्षांचें म्हणणें म्हणजे आजोबांस मूळपुरुष म्हणणें. यावर उपाय सोपा. सर्व देखाव्यांस एकच काळ न लावितां प्रत्येकाजवळ त्याचें साल लिहावें : हा देखावा १५२५ चा, हा १७७५ चा, हा १९२५ चा. त्यानें शोभा कमी होणार नाहीं, आणि कोंकण पांचशें वर्षें एका जागीं बसून राहिलें नव्हतें हेंही मुलांस कळेल.

दुसरी शंका बलुतेदारांची. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून महाराष्ट्रीय खेड्याचें जें चित्र सुशिक्षितांच्या मनांत बसलें तें देशावरच्या खेड्याचें : पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुते, आणि खळ्यावर राशींतून ज्याला त्याला मिळणारा वांटा. कोंकणच्या गांवाची घडण वेगळी. येथें गांव एका पांढरींत गच्च बसलेला नसतो. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, शेतें लहान, आणि पुष्कळ ठिकाणीं एखाद्या गांवचा सुतार किंवा कुंभार आसपासच्या चार गांवांचें काम उरकतो. गुरव, मानकरी व देवस्थान यांच्याभोंवतीं फिरणारी गांवरहाटी हा तर स्वतंत्र विषय आहे. नारायण गोविंद चापेकर यांनीं ‘बदलापूर’ या १९३३ च्या ग्रंथांत एका गांवाचा बारकाईनें धांडोळा घेतला. आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या गांवाविषयीं कोणीं तसें काम केलें असतें तर मूर्तिकारास तयार मसाला मिळाला असता. तो नाहीं, म्हणून देशावरचा सांचा उचलला जातो, व त्यांत पाटलाच्या जागीं खोत बसविला जातो. पण खोत हा पाटलाचा कोंकणी पर्याय नव्हे.

येथें थोडें थांबून विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण हल्लींच्या वाचकास खोत ठाऊक असतो तो श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरींतून, किंवा झोपाळ्यावर बसलेला एक रुबाबदार गृहस्थ म्हणून. खोत म्हणजे सरकार व रयत यांच्या मध्यें उभा असलेला वसुलदार. सरकारचा धारा त्यानें भरावयाचा आणि कुळांकडून आपला वसूल घ्यावयाचा. गांवांत धारेकरी असत, ते आपला ठरलेला धारा देऊन मोकळे होत. पण ज्यांस हा हक्क नव्हता तीं कुळें पिकाचा वांटा देत, कोठें निम्मा म्हणून अर्धेल, कोठें तिसरा म्हणून तिरधेल. आणि हा वांटा ठरे तो अभावणीनें. पीक शेतांत उभें असतांनाच खोत किंवा त्याचा माणूस बांधावर येऊन, पाहून, अमुक मण भात होईल असा अंदाज बांधी. मग पीक तेवढें उतरो वा न उतरो, देणें त्या अंदाजावर. आश्विनांत पाऊस मागें वळून आला व भात आडवें झालें, तरी वहींतला आंकडा उभाच. अंदाज बांधणाऱ्याची दृष्टि जरा चढी पडली म्हणजे कुळाच्या घरीं त्या वर्षीं भात संपून नाचणी व हरीक लौकर सुरू व्हावयाचे. याशिवाय वेठ होती ती निराळी.

ही पद्धति कांहीं कोपऱ्यांतली बाब नव्हती. साठ-सत्तर वर्षें सारा जिल्हा तिच्यावरून भांडत होता. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या विद्वानानें खोतांची बाजू मांडिली. १८८० सालीं खोतीचा कायदा झाला, त्यानें कुळांस कांहीं हक्क दिले, तरी तंटा मिटला नाहीं. कुलाबा जिल्ह्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें शेतें न कसण्याचा संप चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत आणिलें, व पुढच्या जानेवारींत कोंकणांतील हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा त्या मंडळावर गेला. अखेर १९४९ च्या कायद्यानें खोती संपली. इतकें सगळें ज्या एका नात्यावरून घडलें, तें नातें पुतळ्यांच्या गांवांत दाखवावें कसें ? खोताचें घर एकीकडे, शेतकरी दुसरीकडे, दोघेही आपआपल्या जागीं हंसतमुख, एवढ्यानें तें कळत नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, ओटीवरच्या खोतापेक्षां बांधावरचे दोघे दाखवावे : एकाचा हात पिकाकडे उचललेला, दुसरा त्या हाताकडे पाहत असलेला, मध्यें उभें भात. बाजूस एका फळीवर लिहावें : अंदाज इतका, खोताचा इतका, बियाण्यास इतकें, उरलें इतकें, खाणारीं माणसें इतकीं. हा हिशेब चौथीच्या मुलास सुटेल.

तिसरी शंका वाटेची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. ती एकट्या ‘प्राचीन कोंकणा’स लागू नाहीं, अशा प्रकारच्या प्रत्येक आवारास लागू आहे. पाहणाऱ्याच्या सोयीकरितां एक वाट आंखलेली असते. ती एका घराच्या अंगणांतून दुसऱ्याच्या अंगणांत जाते, आणि तिच्यावरून सर्व जातींचे लोक चालतात, जें घर लागेल तेथें डोकावतात. आज हें होतें हें उत्तमच झालें. पण ज्या गांवाचें हें चित्र म्हणून दाखवितात त्या गांवांत अशी वाट कधींच नव्हती. महारवाडा व चांभारवाडा गांवाबाहेर, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या, पाणवठा वेगळा, देवळाशीं उभें राहावयाचें तें कोठपर्यंत हें ठरलेलें. याच कोंकणांत महाडास तळ्याचें पाणी घेण्याकरितां १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. तेव्हां गांवांतलें जें एकमेकांपासून तोडलेलें होतें तें संग्रहालयाच्या वाटेनें जोडलें जातें. आणि जें देण्याघेण्यानें, कर्जानें व अभावणीनें एकमेकांस घट्ट बांधलेलें होतें, तें सुट्या सुट्या पुतळ्यांमुळें तुटतें. असा दुहेरी उलटा प्रकार झाल्यावर, माणसें, कपडे व अवजारें तंतोतंत असूनही गांव दुसराच होतो. वाट बदलावी असें आम्ही म्हणत नाहीं. कोणासही पुन्हां त्या जुन्या वाटांनीं चालावयास लावणें हें भलतेंच होईल. माहितगारानें एका ठिकाणीं थांबून एवढें सांगावें कीं, तुम्ही आतां ज्या वाटेनें आलांत ती त्या काळीं नव्हती, व कां नव्हती. त्यास अर्धें मिनिट लागेल.

कोणी म्हणेल, लोक चार घटका मन रमवावयास येतात, त्यांच्यापुढें हें कशास ? आम्हीं चाळीस वर्षें मुलांस शिकविलें. आमचा अनुभव असा आहे कीं मुलांस खोटें गोड लागत नाहीं, तें मोठ्यांस लागतें. अभावणीचा हिशेब ज्या मुलानें एकदां केला त्यास घरीं जाऊन आजीला विचारण्यास प्रश्न मिळतो. नुसता पुतळा पाहिलेल्यास छायाचित्र मिळतें.

आतां आमच्या संगमेश्वर तालुक्याविषयीं. कसब्यांत कर्णेश्वराचें देऊळ आहे. तें दगडाचें, म्हणून शतकेंच्या शतकें टिकलें. याच संगमेश्वरीं १६८९ सालीं संभाजी महाराज मोगलांच्या हातीं सांपडले, व त्या प्रसंगामुळें या स्थळाचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण शास्त्री व सोनवी यांच्या कांठीं त्या दिवसाच्या आधीं व नंतर जीं माणसें पिढ्यानुपिढ्या भात लावीत होतीं त्यांचें आपणांपाशीं काय आहे ? त्यांचीं घरें मातीचीं; दर पावसाळ्यांत शाकारावीं लागणारीं; दोन पावसाळे शाकारलीं नाहींत तर तिसऱ्यांत बसणारीं. गिरण्यांच्या काळापासून येथील पुरुष मुंबईस. आतां घरेंच्या घरें तिकडे. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया भरल्या त्याचें मुख्य कारण हेंच. महामार्ग रुंद झाला त्यांत वाटेवरचीं जुनीं घरें गेलीं. आंतल्या वाड्यांतील कोरीव खांब व दारें विकत घेणारे व्यापारी फिरतात. शहरांतील उपाहारगृहांत तीं शोभेस लागतात असें ऐकितों. संग्रहालयानें वस्तूऐवजीं प्रतिमा केल्या याबद्दल त्यास दोष देतांना, वस्तु कोठें जातात याचाही विचार आपण केला पाहिजे.

गांव कसा वसतो याचें लेखी वर्णनही कोंकणांत अगदींच दुर्मिळ नाहीं. दापोलीकडील मुरुड गांव नवा वसविला गेला त्याचा वृत्तान्त देणारा एक जुना लेख होता, आणि वर उल्लेखिलेल्या मंडलिकांनींच त्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत निबंध लिहिला. रान तोडून वस्ती करणाऱ्यांनीं गांवाची आंखणी कशी केली, याचा असा कागद हातीं असतां वसाहतकारांच्या संग्रहालयाकरितां मॅनिटोबाकडे पाहण्याची गरज नाहीं. ‘प्राचीन कोंकणा’च्या चालकांनीं आपल्या आवाराच्या एका भागांत केवळ हाच प्रसंग घ्यावा : रान, कोयती, पहिली दाढ, पहिलें खोपट. आरंभ दाखविला म्हणजे पुढचे बदल दाखविणें आपोआप भाग पडेल.

आमच्याकडून होण्यासारखें काम लहान आहे, पण तें याच वर्षीं होण्यासारखें आहे. तालुक्यांतील जीं जुनीं घरें अद्याप उभीं आहेत त्यांपैकीं मालकांची संमति असेल त्यांची मापें घ्यावीं, व आंतील प्रत्येक वस्तूची यादी करावी : उखळ, मुसळ, घिरट, कणगी, इरलें, पायली, पन्हळ, डोण. वस्तूचें नांव त्या वाडींत जें चालतें तेंच लिहावें, पुस्तकी नांव घालूं नये. वस्तु कोणीं केली, कशाच्या मोबदल्यांत केली, हें सांगणारें माणूस असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे टिपावे. अभावणीचीं टिपणें, कुळांच्या वह्या, वसुलाच्या पावत्या या बहुधा मोडींत असतात, आणि लग्नाच्या पत्रिकांबरोबर एखाद्या ट्रंकेंत पडलेल्या असतात. ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं मंडळास कळवावें. मूळ वही पाठवूं नये, ती जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी. आमचा मनुष्य येऊन नक्कल करून घेईल. खोतांच्या घरच्या वह्या मिळतील अशी आशा आहे. कुळांच्या घरचा एखादा कागद, अगदीं फाटका असला तरी, त्याबद्दल मुद्दाम कळवावें.